जेवायच्या आत संपणारा खेळ

निवृत्त माणसाला जग दोन गोष्टी फुकट देतं: सल्ला आणि करमणूक. सल्ल्याचं एक बरं असतं, तो दिला की देणारा निघून जातो. करमणूक देणारा मात्र दर रविवारी फोन करून विचारतो, "बाबा, वापरता की नाही?"

आमचे चिरंजीव टोरांटोत असतात. गेल्या खेपेला आले तेव्हा जाताना आपला जुना लॅपटॉप ठेवून गेले. "दिवसभर बातम्या बघून रक्तदाब वाढवू नका, गेम खेळा," असा हुकूम सोडून गेले. सुकापुरात निवृत्त माणसाने खेळण्यासारखं काही नाही, असं त्यांचं मत. माझं मत निराळं. सकाळी माथेरान रस्त्याच्या कडेने रिक्षा चुकवत, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन घरी परतणं हा माझ्या मते आट्यापाट्यांच्या तोडीचा खेळ आहे. पण मुलाची वस्तू धूळ खात पडलेली त्याच्या आईला बघवेना. "एवढ्या प्रेमाने ठेवून गेलाय," ही म्हणाली. तेव्हा मी खेळायचं असं ठरलं. आमच्याकडे ठरतं ते असं ठरतं.

खारघरचा भाचा येऊन त्यावर 'स्टीम' नावाचं दुकान उघडून देऊन गेला. स्टीम म्हणजे चक्क वाफ. या वाफेच्या दुकानात हजारो खेळ मांडलेले. "मामा, तुम्हाला काय आवडतं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "गोष्ट." त्याने डॉक्टर हलवतात तशी मान हलवली आणि बंदुकीचा खेळ घालून दिला. चौथ्या मिनिटाला तो ओरडला, "मामा, मागे! मागून येतोय!" चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसावर मागून फक्त मेमो येतात. मी वळेपर्यंत माझा निकाल लागला होता.

दुसरा खेळ गोष्टीचा होता, हे खरं. २०१५ सालचा 'द विचर ३'. राक्षस मारत फिरणाऱ्या एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थाची गोष्ट. केस पाहून मला आपुलकी वाटली. पण मुख्य गोष्ट संपायला पन्नासेक तास, आणि आडवाटा धरल्या तर शंभराच्या वर! पनवेलहून सीएसएमटीला लोकलने एक तास वीस मिनिटं लागतात, असा हिशेब धरला, तर पन्नास तासांत सदतीस वेळा सीएसएमटी गाठून अडतिसाव्या वेळी वाशीची खाडीसुद्धा लागते. निम्मं आयुष्य हार्बर लाइनवर काढल्यावर उरलेलं पुन्हा तसंच काढायचं, यात निवृत्तीला काय अर्थ उरला?

तेव्हा मी खेळ शोधायचं सोडून आधी खेळणारा शोधायला घेतला. म्हणजे मी स्वतः. नवलाची गोष्ट अशी, की या विषयाचं रीतसर शास्त्र आहे. रिचर्ड बार्टल नावाचे एक इंग्रज गृहस्थ आहेत. १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि त्यांनी मिळून एसेक्स विद्यापीठात, अनेकांनी एकाच वेळी संगणकावर खेळायचा एक नुसत्या शब्दांचा खेळ केला. पुढे १९९६ साली बार्टलनी खेळणाऱ्यांचे चार वर्ण सांगितले, आणि तेही पत्त्यांवरून. चौकट म्हणजे हिरे; हे लोक गुण आणि खजिना गोळा करणारे. इस्पिकाला इंग्रजीत जो शब्द आहे तोच फावड्याला. म्हणून इस्पिकवाले खणणारे, कोपरा न् कोपरा हुडकणारे. बदाम म्हणजे माणसांसाठी येणारे. आणि किलवर म्हणजे सोटा. यांना दुसऱ्याच्या डोक्यात तो घालण्यात आनंद.

वाचलं आणि मला आमचा आठ-बाराचा डबा आठवला! मांडीवर ब्रीफकेस आडवी टाकून तीस वर्षं आमचा पत्त्यांचा डाव चालायचा. त्यात एक जण पासाच्या मागे पेन्सिलीने गुण लिहून ठेवायचा आणि महिन्याच्या शेवटी बेरीज वाचून दाखवायचा: चौकट. दुसरा, डाव संपल्यावर बेलापूरपासून कुर्ल्यापर्यंत 'तू राणी का टाकलीस?' याची चौकशी करायचा: इस्पिक. तिसऱ्याला हुकूम कुठला हेही ठाऊक नसायचं, पण कोणाच्या मुलीचं स्थळ कुठे अडलंय ते पक्कं ठाऊक: शुद्ध बदाम. चौथा स्वतः जिंकला तर नुसता हसायचा. दुसरा हरला तर चहा पाजायचा. त्याच्याविषयी अधिक लिहीत नाही, तो आमच्याच सोसायटीत राहतो.

मी यातला कोण? मी खिडकीशी बसून पुस्तक वाचायचो. बार्टलसाहेबांच्या जोडात माझं पान नव्हतं. मग कळलं, की 'क्वांटिक फाउंड्री' नावाच्या अमेरिकन संस्थेने खेळण्याच्या बारा प्रेरणा काढल्या आहेत. बारा! राशींइतक्याच. मोडतोड, थरार, चुरस, संगत, आव्हान, डावपेच, सगळं पुरं करण्याचा हट्ट, बळ, काल्पनिक जग, गोष्ट, घडवणं आणि शोधणं. त्यांची प्रश्नावलीही असते, ती भरली की आपली पत्रिका हातात येते. मी भरायला बसलो होतो, तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "एवढे प्रश्न कशाला? मी एका ओळीत सांगते. तुम्हाला गोष्ट पाहिजे, धावपळ नको, आणि साडेआठला जेवायला पाहिजे."

तेहतीस वर्षांच्या संसारानंतर बायको हीच खरी फाउंड्री असते. मी प्रश्नावली मिटली.

वाचकहो, तुम्हाला कधी असा खेळ निवडायचा झालाच तर माझं ऐका. खेळाचं कौतुक किती झालंय ते बघू नका, स्वतःच्या खोडी बघा. कुठलं पुस्तक तुम्ही अर्ध्यावर टाकलंत? सहलीला गेल्यावर तुम्ही ठिकाणं मोजता, की एका पारावर बसून राहता? उशीर झाला की चिडता का? घड्याळ धरून कोणी पळवलेलं मला सोसत नाही, म्हणजे ज्या खेळात कोपऱ्यात सेकंद मोजतात ते बाद. मला एकेक सही मिळवून फाईल पुढे सरकवण्यात आता रस नाही, म्हणजे गुण जमवण्याचे बाद. एवढी चाळणी लावली, की दुकानातली नुसती वाफ उडून जाते आणि तळाला थोडंच, पण खाण्यासारखं उरतं.

पुण्याच्या 'नोडिंग हेड्स'चा 'राजी' (२०२०) आपल्या मातीतला म्हणून आणला. भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची गोष्ट, राजवाडे बघत राहावेत असे. आणि पुण्याचा असून दुपारी एक ते चार उघडा! पण त्यात असुरांशी लढावं लागतं आणि माझी बोटं पेन्शनर. तो भाच्याला दिला. ज्यात चालायचं, बघायचं आणि ऐकायचं एवढंच काम, अशा खेळांना चेष्टेने 'वॉकिंग सिम्युलेटर' म्हणायला सुरुवात झाली. मला ही चेष्टा कळलीच नाही. डॉक्टरांनी मला नेमकं तेच सांगितलेलं आहे. मात्र एक सावधगिरी: छोटा खेळ म्हणजे निवांत खेळ असं नव्हे. 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' (२०१७) दोन-अडीच तासांत संपतो, आणि अप्रतिम आहे, पण त्यात एका घराण्यातली माणसं एकामागून एक कशी गेली तेच सांगतात. जेवणाआधी घेऊ नये.

मला भेटला तो 'अ शॉर्ट हाइक' (२०१९). क्लेअर नावाची पक्षीण सुट्टीला मावशीकडे आलेली. तिला एका फोनची वाट बघायची आहे, आणि रेंज फक्त डोंगराच्या टोकावर. चढा. घाई नाही. वाटेत मासे धरा, कोणाची हरवलेली वस्तू शोधून द्या, नाहीतर नुसते तरंगत खाली या. दीड-दोन तासांचा मामला. आमच्या गच्चीवरून प्रबळगड आणि शेजारचा कलावंतिणीचा सुळका दिसतो. त्याच्या खडकात खोदलेल्या पायऱ्या चढायचं राहूनच गेलं, आता गुडघे राहू देत नाहीत. या डोंगरावर मात्र मी दोनदा जाऊन आलो. फोन कोणाचा येतो ते सांगत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. वाफेच्या दुकानात खेळ दोन तासांहून कमी खेळला असेल आणि चौदा दिवसांच्या आत मागितले, तर पैसे परत मिळतात. म्हणजे दीड तासाचा खेळ पुरता संपवूनही परत करता येतो! २०२१ साली 'समर ऑफ फिफ्टी एट' या छोट्या खेळाच्या कर्त्याने नेमक्या याच कारणाने कंटाळून धंद्यातून बाजूला होत असल्याचं जाहीर केलं. थाळी चाटूनपुसून खायची आणि ताट परत करून पैसे मागायचे, हे मध्यमवर्गात बसत नाही. निदान ढेकर द्यायच्या आत तरी मागावेत.

गोव्याच्या 'फ्रॉस्टवूड इंटरॲक्टिव्ह'चा 'फरगॉटन फील्ड्स' (२०२१) मी दोन संध्याकाळी पुरवून खेळलो. लेखन अडलेला एक लेखक, आणि विकायला निघालेलं त्याचं लहानपणीचं घर. विकण्यापूर्वी सगळ्यांनी तिथे एकदा जमायचं. आमचं पोयनाडचं घर विकलं तेव्हा कोणी जमलं नव्हतं. सह्या कुरिअरने आल्या होत्या. असो.

हिला मात्र काही पसंत पडेना. 'अनपॅकिंग' (२०२१) म्हणून एक आहे, घर बदललेल्या बाईचे खोके उघडून सामान लावायचं, बस्स. लोक म्हणतात मन शांत होतं. ही म्हणाली, "तुमच्या सात बदल्यांत मी खोकेच उघडत होते. तेव्हा कोणाचं मन शांत झालं ते मला माहीत नाही."

मग एका रविवारी मी 'वेंबा' लावून दिला आणि बाजूला झालो. २०२३ सालचा, टोरांटोच्या 'विसाई गेम्स'चा. १९८०च्या दशकात कॅनडाला गेलेली एक तमिळ बाई, तिचा नवरा आणि मुलगा. खेळ स्वयंपाकाचा. आईने दिलेल्या पाककृतींच्या वहीची पानं फाटलेली, अक्षरं पुसलेली. उरलेलं आपण ओळखायचं. पहिलीच इडली. हिने दोन मिनिटांत ताटल्या बरोबर रचल्या आणि म्हणाली, "वाफ वर जायला नको का?" हा तिचा या दुकानाशी आलेला पहिला संबंध.

नंतर ती बोलायची थांबली. गोष्टीतला मुलगा मोठा होत होता आणि तमिळमध्ये विचारलं की इंग्रजीत उत्तर देत होता. खेळ दीडेक तासाचा. मी अधूनमधून घड्याळाकडे बघत होतो. साडेआठ वाजून गेले, कुकर लागला नव्हता, आणि मला विचारायचा धीर होत नव्हता.

संपल्यावर नेहमीप्रमाणे टोरांटोचा फोन आला. आमचे हे फोन नऊ वर्षांत फार आटोपशीर झाले आहेत. जेवलास का, हो, थंडी किती, खूप, बाबांना दे, बाबा, लॅपटॉप वापरता ना? साडेतीन मिनिटं. त्या दिवशी हिने थंडी विचारली नाही. "तुला काय खावंसं वाटतं रे तिथे?" तिने विचारलं.

पलीकडे शांतता. मला वाटलं लाइन तुटली.

"आजीचं बिरडं," तो म्हणाला.

ही नाशिकची. वालाच्या बिरड्याशी तिचं कधी जमलं नाही. ते खातं माझ्या आईचं होतं. मी माळ्यावरून पोयनाडची वही काढली. पानावर तेलाचा डाग. आमसूल दिसलं, गूळ दिसला, ओलं खोबरं दिसलं, पुढचा एक शब्द डागाखाली गेलेला. ती वाचत होती, तो लिहून घेत होता. "अंदाजाने म्हणजे किती ग्रॅम?" तो विचारत होता. "वाल मिळतात इथे, पण मोड यायला किती दिवस?" त्या रात्री आम्ही साडेदहाला जेवलो, आणि मी एक अक्षर काढलं नाही.

बुधवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला. बुधवारी आमच्याकडे फोन येत नाही, म्हणून ही घाबरीघुबरी धावली. टोरांटोत मंगळवारची रात्र होती.

"आई, सालं निघत नाहीयेत."

"कोमट पाण्यात टाक," ही म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "आणि फोन ठेवू नकोस."