पाणी दिसतंय, तरी थांबायचं?

छातीत पाणी झालं की सुई घालून ते काढायचं, माणूस मोकळा होतो. मेडिसिनच्या वॉर्डात इंटर्न म्हणून आले तेव्हा मला एवढंच माहीत होतं. धाप लागलेल्या एका पेशंट मावशींच्या एक्स-रेत उजवी बाजू निम्मी पांढरी दिसली आणि मी विचारलं, "मॅडम, टॅपिंगचा ट्रे मागवू?"

"वॉरफरिन चालू आहे त्यांना. आधी आयएनआर येऊ दे," रेसिडेंट मॅडम म्हणाल्या.

तो ४ आला, म्हणजे रक्त गोठायला फारच वेळ लागणार. बरगडीच्या खालच्या कडेने रक्तवाहिन्या जातात, म्हणून सुई वरच्या कडेवरून घालतात. तरीही एखादी दुखावली, तर हे रक्त थांबणार कसं? बरं, गोळी बंद करावी, तर हृदयातल्या कृत्रिम झडपेवर गुठळी होण्याची भीती. बाई धापा टाकतेय आणि आम्ही हृदयरोगतज्ज्ञांच्या फोनची वाट बघतोय, हे मला सहन होईना. शेजारच्या आजोबांना तर दोन्ही बाजूंना पाणी होतं. पण हृदय कमजोर, पाय सुजलेले, ताप नाही. त्यांना सुई लावलीच नाही. लॅसिक्सने लघवी वाढली आणि धाप कमी झाली.

गोंधळ खरा वाढला तो कॉलेजातल्या एका मुलाच्या वेळी. टीबीचा संशय, प्लेटलेट व्यवस्थित, सोनोग्राफीत भरपूर पाणी. (थर सेंटिमीटरभरही नसेल तर मॅडम सुई हातात घेत नाहीत, फुप्फुसालाच टोचायची.) पिवळसर पाणी येऊ लागलं तसा त्याचा चेहरा सैलावला. लिटरभर झालं आणि त्याला खोकल्याची उबळ आली, छाती आवळल्यासारखी वाटू लागली. मॅडमनी तिथेच थांबवलं. आत अजून पाणी होतं! मग त्यांनी समजावलं: बरेच दिवस दबलेलं फुप्फुस एकदम उघडलं तर त्याच्याच केशवाहिन्यांतून द्रव झिरपून त्याला सूज येऊ शकते. असं क्वचित होतं, पण जिवावर बेतू शकतं. म्हणून एका वेळी साधारण दीड लिटरपुढे जायचं नाही, आणि पेशंट खोकू लागला, छातीत दुखतंय म्हणाला, तर त्याआधीच थांबायचं.

"अर्धंच काढलंत होय?" त्याच्या आईने मला गाठलं.

"टीबी निघाला तर औषधांनी उरलेलं बहुतेक वेळा आतच जिरतं, काकू. आता एक्स-रे काढू, सुईवाटे हवा शिरली नाही ना ते बघायला."

फुप्फुसाची ती सूज पहिल्या काही तासांत येते, असं मॅडम म्हणाल्या होत्या. रात्रभर मी त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बघत राहिले.