टांगा बंदरांतील दुसरा वर्ग

मराठी माणसाच्या कानीं 'टांगा' हा शब्द पडला कीं घोड्याची गाडी डोळ्यांपुढें उभी राहते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मात्र या नांवाचें एक शहर आहे, आणि तेथील स्वाहिली भाषेंत टांगा म्हणजे गलबताचें शीड. टांझानिया देशाच्या ईशान्य कोपऱ्यांतील हें बंदर पाहण्याचा योग आम्हांस २०१७ सालीं आला.

एके काळीं या शहराचे दिवस भरभराटीचे होते. हा मुलूख जर्मनांच्या अमलाखालीं असतांना, १८९३ सालीं, येथून उसांबारा डोंगरांकडे आगगाडीचा रस्ता बांधण्यास आरंभ झाला. त्याच सुमारास हिंडॉर्फ नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें अमेरिकेंतील फ्लॉरिडाहून घायपाताच्या एका जातीचीं हजार रोपें मागविलीं. लांबच्या प्रवासांत बहुतेक मेलीं. अवघीं बासष्ट जगलीं. त्या बासष्टांपासून मैलच्या मैल मळे वाढले, आणि दोरखंडाच्या त्या वाखावर टांगा शहर पोसलें. पुढें कृत्रिम धागे निघाले, वाखाचा भाव उतरला, १९६७ सालीं पुष्कळ मळे सरकारनें ताब्यांत घेतले, आणि बंदराची पहिली गजबज ओसरली.

शहराच्या फुटबॉलचीही कथा अशीच आहे. कोस्टल युनियन हा येथील संघ १९४८ सालीं स्थापन झाला. देशांतील फुटबॉलवर दारेसलामच्या सिंबा व यंग आफ्रिकन्स या दोन संघांचें वर्चस्व असतां, १९८८ सालीं त्यानें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. पण २०१६ सालच्या हंगामाअखेर गुणांच्या कोष्टकांत तळाशीं जे तीन संघ राहिले, ते तीनही टांग्याचेच निघाले : कोस्टल युनियन, त्याचा गांवांतील जुना प्रतिस्पर्धी आफ्रिकन स्पोर्ट्स, आणि म्गांबो. नियमाप्रमाणें तिघांसही खालच्या वर्गांत जावें लागलें. एका शहराच्या वांट्यास एकाच वर्षीं असें दुःख क्वचितच येत असेल.

आम्हीं सामना पाहण्याची इच्छा दर्शवितांच आमचे यजमान ओशाळले. ते म्हणाले, "अंबोनीच्या गुहा पाहा, समुद्र पाहा. संघ आमचा आतां दुसऱ्या वर्गांत आहे हो !" हे शब्द ऐकून आम्हांस आमच्याकडील घरें आठवलीं. परीक्षेचा निकाल लागला कीं 'पहिला वर्ग' मिळालेल्या मुलाचे पेढे वांटले जातात. दुसऱ्या वर्गाच्या मुलाबद्दल कोणीं विचारलें तर आई विषय बदलते, आणि तें पोर माजघरांत जाऊन बसतें. आम्हीं स्वतः असे विषय कितीदां बदलले आहेत, तें आठवून आम्हीही थोडे ओशाळलों, आणि सामन्यास जाण्याचा हट्टच धरिला.

म्क्वाक्वानी क्रीडांगण भर गांवांत आहे. त्या दिवशीं तें निम्मेंही भरलें नव्हतें. परंतु जे आले होते ते घरच्या कार्यास यावें तसे आले होते. कॉफीवाला हातांतील पेले एकमेकांवर वाजवीत पायऱ्यांवरून फिरत होता. पोरें कुंपणाच्या भिंतीवर ओळीनें बसलीं होतीं. एखादी संधी हुकली कीं सर्वजण एकदम कपाळास हात लावीत. मधून मधून 'वागोसी वा काया' असा घोष उठे. 'काया' म्हणजे आपल्याकडे देह. तेथें मात्र त्याचा अर्थ घर असा होतो, हें यजमानांनीं सांगितलें. 'घरचे पुरुष' हें कोस्टल युनियनचें लाडकें नांव आहे.

सामना बरोबरींत सुटला. शेजारीं एक वृद्ध गृहस्थ बसले होते. १९८८ चें विजेतेपद त्यांनीं तरुणपणीं पाहिलेलें. इतकें वैभव पाहिल्यावर आतां येथें यावेंसें कसें वाटतें, असें आम्हीं यजमानांकरवीं विचारविलें. ते हंसले व म्हणाले, "संघ खालीं गेला, पण मैदान आहे तेथेंच आहे, आणि माझें घरही." मग शेजारच्या नातवाच्या अंगावरील शर्ट नीट करून ते उठले. त्या मुलानें संघाचे चांगले दिवस पाहिलेच नव्हते. तरी घोष देऊन देऊन त्याचा घसा बसला होता.

पुढें २०१८ सालीं वरच्या वर्गांतील संघांची संख्या वीस झाली आणि कोस्टल युनियन पुन्हां वर चढला. २०२२ सालीं तर राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यांत त्यानें यंग आफ्रिकन्सशीं तीन-तीन गोलांची बरोबरी केली. पेनल्टींत मात्र तो हरला. ही वार्ता वाचून आम्हांस आनंद झाला, तरी आफ्रिकन स्पोर्ट्सची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. तो कांहीं त्या वर्षीं कोस्टल युनियनच्या बरोबर वर आला नव्हता. वर्ग पाडले कीं दुसऱ्या वर्गांत कोणी तरी असावयाचाच. वर चढणाऱ्याचें कौतुक सगळे जग करतें. खालीं राहिलेल्याच्या सामन्यास मात्र घरच्या माणसांनींच जावयाचें असतें. टांग्याच्या लोकांस हें कोणीं शिकवावें लागलें नाहीं. आमच्या माजघरांत तें शिकावयाचें अजून राहिलें आहे.