चाकांचा अंतरपाट

मध्यमवर्गीय गृहस्थाला दोन प्रसंगी नकार देण्याची छाती होत नाही. पत्नीने नव्या साडीचा पदर उलगडून 'कशी आहे?' असे विचारले म्हणजे, आणि चिरंजीवांनी पहिल्या पगारातून काही विकत आणले म्हणजे. पहिल्या प्रसंगाला मी आता सरावलो आहे. दुसरा गेल्या दिवाळीत आला.

घरात भाजणीचा वास सुटला होता. चिरंजीवांनी पुठ्ठ्याचे एक जड खोके आणून टेबलावर ठेवले आणि त्यातून ॲल्युमिनियमच्या चार चकत्या काढल्या. मध्ये मोठे भोक, भोवती लहान भोके.

"अगबाई, सोऱ्याच्या चकत्या! पण केवढ्या मोठ्या रे!" सौभाग्यवती म्हणाली.

"आई, हे व्हील स्पेसर आहेत," चिरंजीव म्हणाले. आपल्याच घरात आपण परके आहोत, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

मग त्यांनी मला स्पेसर म्हणजे काय ते समजावून सांगितले. मोटारीचे चाक हबवर बसते. हबमधून बाहेर आलेल्या दांड्यांना स्टड म्हणतात. त्यांवर नट आवळले की चाक पक्के. या हबच्या आणि चाकाच्या मध्ये ही चकती घालायची. चाक तेवढे बाहेर सरकते. आमच्या गाडीची चाके मडगार्डच्या आत आहेत, त्यामुळे ती अंग चोरून उभी असल्यासारखी दिसते. स्पेसर घातले की पाय रोवून उभी राहील.

"म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये धरलेला अंतरपाटच की!" मी म्हणालो. "किती जाड?"

"आठ मिलिमीटर."

आठ मिलिमीटर! आमच्या नात्यागोत्यातल्या कोणालाही हा फरक दिसण्याची शक्यता नव्हती. पण मी नकार दिला नाही. "बाबा, तुमचा नेहमी नन्नाचा पाढा," हे वाक्य मी वर्षभरात पुष्कळदा ऐकले होते. शिवाय भाऊबीजेला आम्ही सगळे त्याच गाडीतून साताऱ्याला आक्काकडे जाणार होतो. मुलाने हौसेने गाडी सजवली तर आपण का मोडता घाला?

रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात आम्ही बापलेक कामाला लागलो. मी पाने हाती देणारा मदतनीस. हँडब्रेक ओढला, चाकांमागे दगड लावले. गाडी जमिनीवर असतानाच नट थोडे सैल केले, कारण चाक अधांतरी झाले की पान्याबरोबर तेच फिरू लागते. मग जॅक लावला. एवढ्यात तळमजल्यावरचे नाना चहाचा कप घेऊन बाहेर आले. नानांचा जन्म कारखान्यात लेथवर गेलेला. त्यांनी कप कठड्यावर ठेवला आणि घरातून एक लोखंडी स्टँड आणून गाडीखाली सरकवला. "जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही," एवढे बोलून ते चहाकडे वळले.

आता एक कबुली देतो. मी चौतीस वर्षे बँकेत कॅशियर होतो. हाताखालून जे जाईल ते मोजायचे, ही सवय सेवानिवृत्तीनंतरही सुटली नाही. जिना चढताना मी पायऱ्या मोजतो, आणि नट काढताना त्यांचे फेरे मोजले. प्रत्येक नट अकरा फेऱ्यांनी बाहेर आला. चारही नटांचा हिशेब सारखा. मला बरे वाटले.

चिरंजीवांनी हब पुसला, चकती सरकवली, तीवर चाक चढवले आणि नट फिरवू लागले. "बाबा, बघा, आज किती पटकन बसले!"

मी मोजत होतोच. साडेचार फेरे.

कॅशियरच्या पोटात कोणत्या क्षणी गोळा येतो, ते दुसऱ्याला सांगून कळायचे नाही. संध्याकाळी पेटीतली रोकड आणि वहीतला आकडा यांचा मेळ बसत नाही, त्या क्षणी. इथे अकरा जमा होते आणि साडेचार हाती होते. साडेसहा फेरे गेले कुठे?

"नाना," मी हाक मारली, "अकराचे साडेचार का झाले हो?"

नानांनी कप खाली ठेवला. या वेळी तो अर्धा भरलेला होता, तेव्हा मला प्रकरणाचे गांभीर्य कळले. त्यांनी नट काढून आटे पाहिले. "स्टड बारा मिलिमीटरचा, आटा सव्वा मिलिमीटरचा. म्हणजे एका फेऱ्याला नट सव्वा मिलिमीटर पुढे जातो. तुमची चकती आठ मिलिमीटरची. करा हिशेब, कॅशियरसाहेब."

आठ भागिले सव्वा, सहा पूर्णांक चार. तूट सापडली! स्टडची लांबी होती तेवढीच होती. त्यातली आठ मिलिमीटर चकतीने खाल्ली होती.

"स्टड जेवढा जाड, निदान तेवढी लांबी आट्यात धरली गेली पाहिजे," नाना म्हणाले. "बारा मिलिमीटर म्हणजे साडेनऊच्या वर फेरे. साडेचारांवर जोरात आवळाल तर आटे सोलून निघतील, आणि नाही आवळाल तर चाक सुटेल. नटाने चाक नुसते टांगून ठेवायचे नसते, हबवर दाबून धरायचे असते. ती दाब गेली की चाक हलायला लागते, आणि मग एकेक नट आपोआप सैल होतो."

मग त्यांनी चकती हबवर ठेवून हलवली. ती खुळखुळ्यासारखी वाजली. हबच्या मधोमध एक उंच कडे असते, चाकाचे मधले भोक त्यावर नेमके बसते आणि चाक केंद्रात राहते. आमच्या चकतीचे भोक त्या कड्याहून मोठे होते आणि जाडी एवढी, की ते कडे चाकापर्यंत पोचतच नव्हते. शिवाय चाक बाहेर सरकले की बेअरिंगवर ओझे वाढते. "पाण्याची भरलेली बादली अंगाशी धरा, आणि मग हात लांब करून धरा," नाना म्हणाले. "बादली तीच, पण खांदा बोलायला लागतो."

चिरंजीवांचा चेहरा उतरला. पहिल्या पगारातली खरेदी होती. "लांब स्टड मिळतात," ते पुटपुटले. "स्पेसरला स्वतःचे स्टड असलेलेही येतात."

"येतात की," नाना म्हणाले, "आणि हबच्या मापाचे भोक असलेलेही येतात. पण ते काम अंगणातले नव्हे."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. आता नन्नाचा पाढा म्हणायला मैदान मोकळे होते. पण मला एकदम १९७५ साल आठवले. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. सायकलीच्या हबला रंगीत ब्रश बांधायची टूम होती. मी तीर्थरूपांच्या सायकलीचे पुढचे चाक काढून तसा ब्रश बसवला, नट बोटांनी फिरवले, आणि तेवढ्यात जेवायची हाक आली. जेवून उठलो तो ब्रशची ऐट दाखवायलाच निघालो. पाना लावायचा राहिला. टिळक रस्त्यावर एका खड्ड्यात चाक निघून माझ्यापुढे पळाले. हनुवटीवरची खूण अजून आहे. तीर्थरूप रागावले नाहीत. त्यांनी चाक जागेवर बसवले, पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता तू आवळ."

मीही पाना चिरंजीवांपुढे धरला. "गाडी तू चालवणार. भाऊबीजेला खंबाटकीच्या घाटात मागच्या सीटवर तुझी आई असेल. आता तूच ठरव."

ते बराच वेळ त्या साडेचार फेऱ्यांकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी एक अक्षर न बोलता चाक उतरवले, चकती काढून खोक्यात टाकली आणि चाक पुन्हा चढवले. मी मोजले. अकरा! नानांनी टॉर्क पाना आणून दिला. आमच्या गाडीच्या पुस्तकात ८५ न्यूटन-मीटर लिहिले आहे. म्हणजे मीटरभर लांबीच्या पान्याच्या टोकाला पावणेनऊ किलो वजन टांगावे इतका जोर. एक नट आवळला की शेजारचा नाही, समोरचा, असे करत गाडी जमिनीवर टेकवून त्यांनी शेवटचा जोर दिला. कोरड्या आट्यांना तेल लावू नये, नाहीतर तेवढ्याच जोरात नट प्रमाणाबाहेर आवळला जातो, हेही त्या दिवशी मला कळले.

रात्री चिरंजीवांनी स्वतःच कायदा धुंडाळला. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले आहे. हे त्यांनी मला अशा थाटात ऐकवले, की जणू स्पेसर मीच आणले होते! मी निमूटपणे मान डोलावली. पटलेली गोष्ट मुलाच्या तोंडून ऐकण्यात बापाचे काही कमी होत नाही.

भाऊबीजेला साताऱ्यात पोचल्यावर चिरंजीव आत आलेच नाहीत. चाक काढून बसवले की थोडा प्रवास झाल्यावर नट पुन्हा तपासायचे असतात, म्हणून ते पाना घेऊन चाकांपाशी बसले. आक्का निरांजन घेऊन दाराशी ताटकळत होती. "अरे, आधी मला तुम्हाला ओवाळू द्या, मग गाडीला ओवाळा!"

त्या चार चकत्या आता आमच्या स्वयंपाकघरात आहेत. गरम पातेली ठेवायला त्यांच्यासारखी वस्तू नाही, असे सौभाग्यवतीचे मत आहे. जेवायला बसलो की आमटीच्या पातेल्याखाली ती आठ मिलिमीटरची जाडी दिसते. चिरंजीव तिच्याकडे पाहतात, मी त्यांच्याकडे पाहतो, आणि आम्ही दोघेही आमटी वाढून घेतो.

चाक आणि हब यांच्यामध्ये अंतर नको, एवढे आम्हाला कळले. आम्हा दोघांमधलेही थोडे कमी झाले असावे. किती, ते मात्र मी मोजले नाही.