‘खैरियत’च्या पुढचा प्रश्न

आम्ही पाच जणी. नंदुरबारच्या एकाच शाळेतून १९९० साली दहावी झालो. तेव्हा नंदुरबार हे धुळे जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. १ जुलै १९९८ रोजी त्याचा वेगळा जिल्हा झाला, तोवर आमची लग्ने होऊन एक नवापूरला, एक शहाद्याला, एक तळोद्याला नांदायला गेली होती. दोघी गावातच राहिल्या. आज आम्ही सगळ्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. गेली सहा वर्षे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही एकीच्या घरी जमतो. कुणी कळण्याची भाकरी आणि ठेचा आणते, कुणी दालचा करून आणते. जुहरच्या आधी यायचे, अस्र पढून निघायचे, असा आमचा शिरस्ता आहे.

येथे कुणाचेही नाव लिहीत नाही. मजलिसमध्ये जे बोलले जाते ती अमानत असते, ही शिकवण आपण सगळेच जाणतो. ज्या मैत्रिणीबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे, तिने स्वतः सांगितले, “लिहा. कुणाच्या तरी कामी येईल.” म्हणूनच हे लिहिण्याचे धाडस केले.

आपल्या घरांमध्ये दोन बायका भेटल्या की पहिला सवाल असतो, “खैरियत?” आणि जवाब असतो, “अलहम्दुलिल्लाह.” अल्लाहचा शुक्र करणे हा आपला ईमान आहे, त्यात दुमत नाही. पण पुष्कळदा या एका शब्दाच्या पडद्याआड पाठदुखी, मुलाची नोकरी, डोक्यावरचे कर्ज, सगळे झाकले जाते. विचारणारीचेही समाधान होते आणि सांगणारीचीही सुटका होते. आम्हीही बरीच वर्षे एकमेकींना लग्नकार्यात असेच भेटत होतो.

दर महिन्याला बसायला लागलो, तेव्हा काय काय निघाले ते पाहा.

आमच्यातल्या एकीच्या घरी मिरचीचा व्यापार आहे. हिवाळ्यात नंदुरबारजवळच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि बायामाणसे देठ खुडत बसलेली असतात, हे दृश्य जिल्ह्यात सर्वांच्या ओळखीचे आहे. ओली मिरची विकत घ्यायची, वाळवायची आणि पुढे पाठवायची. मध्येच एका रात्रीत अवकाळी पाऊस आला, तर भिजलेल्या मिरचीचा रंग जातो, बुरशी धरते आणि भाव कोसळतो. असे दोनदा झाले. तिचे मियाँ घरात एक शब्द बोलत नव्हते, फक्त रात्री उठून अंगणात फेऱ्या मारत. कर्जाचा आकडा तिला बाहेरच्या माणसाकडून कळला.

नवापूरवालीच्या सासरी कोंबड्यांचे शेड होते. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला, तो नवापूर तालुक्यातच. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्यांनी कर्ज काढून पुन्हा धंदा उभा केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. आता शेड रिकामे आहे, मियाँ सुरतला नोकरी करतात आणि पंधरा दिवसांनी गाडीने घरी येतात. ती म्हणते, “पन्नाशीत माझा नवरा परदेशी गेल्यासारखा झालाय.”

तळोद्याची मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ज्या शिक्षकांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. तिची सात वर्षे उरली आहेत. गुडघे दुखतात, वर्गात उभ्या उभ्या अंगातून वाफा निघतात, रात्री झोप नाही. अशात ती इशानंतर बालमानसशास्त्राचे पुस्तक उघडते आणि तिची मुलगी तिची परीक्षा घेते.

शहाद्याच्या मैत्रिणीला आम्ही आपा म्हणतो, कारण ती आमच्यात थोरली. तिची सास लकव्याने अंथरुणाला खिळली आहे. तिला उचलणे, नहाणे-धुणे, कूस बदलणे सगळे आपाच्या हातून होते. आपाला स्वतःला नऊ वर्षांपासून साखरेचा आजार आहे.

पाचवी आमची शिलाईवाली. बारा वर्षांपूर्वी बेवा झाली. शिलाई मशीनवर एक मुलगा शिकवला, मोठा केला.

अशा गोष्टी बोलायला बसल्यावर एक अडचण लवकरच समोर आली. सासूचे, सुनेचे, नवऱ्याचे बोलता बोलता ती गीबत कधी होते? यावर आम्ही मनापासून विचार केला. हजरत हिंद (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे येऊन आपले पती खर्चाला पुरेसे देत नाहीत, अशी तक्रार केली होती आणि काय करावे ते विचारले होते. प्रेषितांनी त्यांना गप्प केले नाही, मार्ग सांगितला. मार्ग शोधण्यासाठी अडचण सांगणे आणि मजा म्हणून कुणाचे उणे काढणे यांत फरक आहे. तेव्हापासून आम्ही नियम केला: कुणाविषयी तक्रार सांगितली, की लगेच पुढे सांगायचे, “आता मी काय करू?” हा सवाल जिच्याजवळ नसेल, तिने तो विषय तिथेच सोडायचा. आमच्या निम्म्या गोष्टी या एका नियमाने कमी झाल्या.

आपाच्या साखरेचा प्रश्न रमजानच्या आधी निघाला. ती दरवर्षी सगळे रोजे धरायची आणि चक्कर आली तरी कुणाला सांगायची नाही. सूरह बकरहमध्ये आजारी माणसाला रोज्यांची सवलत दिलेली आहे, हे तिलाही पाठ होते. पण सुना काय म्हणतील, याची भीती मोठी होती. त्या वर्षी आम्ही दोघी तिच्यासोबत रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या आणि बजावले की साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा, मग्रिबला पाचच मिनिटे उरली असली तरी. बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलमांचे मत आहे, हे आम्ही आमच्या मौलानांकडून विचारून घेतले. त्या रमजानमध्ये आपाने सात रोजे सोडले आणि नंतर थंडीत ते पुरे केले.

आता शिलाईवालीची गोष्ट.

गेल्या वर्षी एका रविवारी जुहरसाठी मुसल्ले अंथरले गेले आणि ती भिंतीला टेकून बसून राहिली. बायकांमध्ये कुणी अशी बसून राहिली तर तिला कारण विचारत नाहीत, हा आपला अदब आहे. पण तिची पाळी बंद होऊन दोन वर्षे झाली होती. “सुटले एकदाची” म्हणत तिनेच आम्हाला पेढे खाऊ घातले होते! पुढच्या महिन्यातही ती तशीच बसून राहिली. तेव्हा आपाने तिला स्वयंपाकघरात नेऊन विचारले, “अगं, तू नमाज का पढत नाहीस?”

ती म्हणाली, “परत सुरू झालंय. तीन महिने झाले. अंगातली गरमी असेल.”

डॉक्टरकडे का गेली नाहीस, यावर तिचे उत्तर तयार होते. मुलाचा निकाह ठरला होता. मशीनवर होणाऱ्या सुनेचे कपडे होते. जमवलेला पैसा त्यासाठीच होता. आई आजारी आहे असे कळले तर मुलीकडचे मागे हटतील, ही धास्ती होती. आणि शेवटी तिने आम्हा सर्वांकडून वचन मागितले, “माझ्या मुलाला सांगू नका.”

येथे आमच्यात मतभेद झाला. शिक्षिका म्हणाली, “आज रात्रीच मुलाला फोन करू. जिवापुढे वचन कसले?” मिरचीवाली म्हणाली, “तिने भरवशाने सांगितले. आपण परस्पर बोललो तर ही पुन्हा कधीच कुणाला काही सांगणार नाही.” दोघींचेही खरे होते. अखेर आपाने तोड काढली. मुलाला आम्ही सांगणार नाही, पण मंगळवारी आमच्यापैकी दोघी तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जातील. अहवालात काहीही निघाले तरी मुलाला ती स्वतःच्या तोंडाने सांगेल. हे तिला मान्य करावे लागले.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले ते प्रत्येक घरात कळायला हवे. पाळी बंद होऊन पुरे बारा महिने झाल्यावर एक डाग जरी दिसला, तरी तपासणी करायची. असा स्राव होणाऱ्या दहा जणींपैकी साधारण नऊ जणींमध्ये कारण साधे निघते, पण एखादीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असू शकतो. वजन जास्त असेल किंवा साखरेचा आजार असेल तर धोका वाढतो. हा रोग बहुतेक वेळा असा डाग दाखवून सुरुवातीलाच इशारा देतो. वेळेत पकडला तर पुष्कळ जणी फक्त ऑपरेशनने बऱ्या होतात. सोनोग्राफीत तिचे अस्तर जाड दिसले. आतला तुकडा तपासायला पाठवला. दहा दिवसांनी अहवाल आला. कर्करोग होता, पण गर्भाशयाबाहेर पसरलेला नव्हता.

त्याच रात्री तिने मुलाला सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “अम्मी, निकाह पुढे नेता येतो.” मुलीकडचे मागे हटले नाहीत. मुलीच्या आईनेच तारीख दोन महिने पुढे ढकलायला सांगितली.

ऑपरेशन नाशिकच्या एका रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले. या योजनेत रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण तिच्या रेशनकार्डावर नावापुढे ‘बी’ होते आणि आधारवर ‘बानो’. या दोन अक्षरांपायी चार दिवस गेले. शिक्षिकेने रजा काढून ते कागद नीट करून घेतले. नवापूरवाली दवाखान्यात रात्री मुक्कामी राहिली. मशीनवर अर्धवट राहिलेले अकरा कपडे मिरचीवालीने आपल्या जावेकडून शिवून घेतले आणि गिऱ्हाइकांना पोचवले. आज शिलाईवाली ठीक आहे, दर काही महिन्यांनी तपासणीला जाते. घरात सून आली आहे आणि पहिली तपासणी चुकू नये म्हणून तारीख तीच लक्षात ठेवते.

आपल्याकडे अशा आजारांत शरम आड येते. हजरत फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांना सतत रक्तस्राव होत असे, म्हणून त्यांनी थेट प्रेषितांना नमाजविषयी विचारले होते. ही पाळी नसून रगेतून येणारे रक्त आहे, हे प्रेषितांनी त्यांना समजावले आणि नमाज सोडू नये असे सांगितले. हजरत आयेशा (रजि.) यांनी अन्सारी महिलांची तारीफ केली होती, कारण दीन समजून घेताना त्यांना लाज आडवी आली नाही. चौदाशे वर्षांपूर्वी ज्या गोष्टी विचारल्या गेल्या, त्या आज आपण सख्ख्या बहिणीलाही सांगू नयेत, हे कसे? नमाजचा मसला आलिमांना विचारा आणि रक्तस्रावाचे कारण डॉक्टरांना. दोन्ही विचारा.

आमचे सगळे प्रश्न सुटले असे नाही. मिरचीचे कर्ज अजून फिटायचे आहे. नवापूरचे शेड रिकामेच आहे. टीईटीचा अभ्यास चालू आहे. आपाची सास अंथरुणावर आहे, पण आता महिन्यातून दोन दिवस तिची नणंद येऊन राहते, कारण आपाने तिला तसे सांगण्याची हिंमत केली. मिरचीवालीच्या मियाँनी वहीतला सगळा हिशेब तिच्यापुढे उघडला. रक्कम तेवढीच आहे, पण आता दोघे मिळून हप्ते ठरवतात आणि ते रात्री झोपतात.

वाचक बहिणींना आमची विनंती आहे. आपल्या वयाच्या तीन-चार मैत्रिणी जमवा आणि महिन्यातून एकदा समोरासमोर बसा. आजच रेशनकार्ड आणि आधार काढून आपले नाव दोन्हीकडे सारखे आहे का ते पाहा. ‘अलहम्दुलिल्लाह’ ऐकल्यावर तिथेच थांबू नका. झोप लागते का, गोळ्या चालू आहेत का, शेवटची तपासणी कधी झाली, हेही विचारा. आणि घरातल्या मर्दांनाही सांगा की, इशानंतर मशिदीबाहेर उभे राहता तेव्हा एकमेकांना हेच विचारा. त्यांची चुप्पी आपल्यापेक्षा जाड असते.

अल्लाह तआला सर्व आजारी भावा-बहिणींना शिफा देवो, कर्जदारांचे ओझे हलके करो आणि आपल्याला एकमेकांची खबर घेणारे बनवो. आमीन.