मैफल सांगताना

गाणे ऐकून आलेला माणूस गाण्याविषयी फारसे काही सांगतच नाही, हे माझ्या ध्यानात आले ते वडिलांमुळे. कुंदगोळला नाडगीर वाड्यात सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीला रात्रभर गाणे होई, तिथे ते बेळगावहून नेमाने जात. परत आले की ओसरीवर मंडळी जमायची. मग वडील सांगायचे : हुबळीला गाडी कशी चुकली, वाड्यात टेकायला खांब कसा मिळाला, शेजारी बसलेल्या अनोळखी शेतकऱ्याने अर्धी भाकरी कशी पुढे केली आणि पहाटेच्या गारठ्यात त्याच्याच कांबळ्यात दोघे कसे बसले. राग कोणता होता, हे कुणी मुद्दाम विचारावे लागे. "तोडी," एवढेच म्हणायचे, की पुन्हा कांबळे सुरू.

मी स्वतः गेली अठरा वर्षे जी मैफल सांगत आलो आहे, ती मात्र तोडीची नव्हे. १७ मार्च २००७, शनिवार, बंगळूरचे पॅलेस ग्राउंड, आणि वाजवणारे इंग्लंडचे आयर्न मेडन. मराठी हायस्कूलचा मुख्याध्यापक आणि हेवी मेटल, ही जोडी वाचकांना विजोड वाटेल. आमच्या स्टाफरूमलाही वाटते. तेव्हा मी साधा सहशिक्षक होतो, एवढीच काय ती सबब.

हा नाद मला लावला तो कॉलेजातल्या मित्राने. तो कानडी, खासबागेतल्या विणकराच्या घरातला. त्या काळी दुकानात कोरी कॅसेट दिली की हवी ती गाणी भरून मिळत, आणि नवा माल यायचा तो गोव्याहून. 'द नंबर ऑफ द बीस्ट' ही १९८२ सालची तबकडी त्याने अशीच भरून आणली आणि मागाच्या खोलीत बसून मला ऐकवली. बाजूला चार यंत्रमाग चालू! मला गाणे कोणते आणि माग कोणता हे कळेना. तो म्हणाला, "हाच तर फायदा आहे, मास्तर. घरात कुणी ओरडत नाही." मी तेव्हा मास्तर झालेलो नव्हतो, पण चष्म्यामुळे त्याने ते नाव आधीच ठेवून टाकले होते.

जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनाने गाव पेटलेले असतानाही आमच्या कॅसेटी या घरातून त्या घरात जात होत्या. यात मोठेपणा कुठलाच नव्हता. गाण्यातले निम्मे शब्द त्याला कळत नसत, निम्मे मला. ती भाषा दोघांपैकी कुणाच्याच आईची नव्हती, त्यामुळे तिच्यावरून भांडायचे काय?

एकवीस वर्षांनी हा बँड भारतात पहिल्यांदाच येतोय अशी बातमी आली. बंगळूरला २००२ साली रॉजर वॉटर्स येऊन गेला होता, २००३ साली रोलिंग स्टोन्स. दोन्ही वेळा आम्ही पेपरातले फोटो पाहून गप्प बसलो होतो. या वेळी तो तिकिटे घेऊनच दारात उभा राहिला. दहावीची परीक्षा तोंडावर, पाडवा जवळ आलेला. घरात मी काय सांगितले ते इथे लिहीत नाही. शुक्रवारी संध्याकाळी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसलो. त्याच्या आईने बांधून दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी अरसीकेरेपर्यंत पुरली.

मैदानावर सगळा काळ्या टी-शर्टांचा समुद्र. गोव्याची पोरे होती, केरळची होती, ईशान्येकडून तीन-तीन दिवस गाडीत बसून आलेली होती. त्यात आम्ही दोघे पांढऱ्या, इस्त्रीच्या, खोचलेल्या शर्टांत. सदतिसाव्या वर्षी त्या दिवशी मी प्रथम 'अंकल' झालो. आधी बेस गिटारवाल्या स्टीव्ह हॅरिसची मुलगी लॉरेन गायली, दिल्लीचे परिक्रमा वाजवून गेले, आणि मग ते सहाजण आले. १९९९ पासून त्यांच्यात तीन गिटारवाले आहेत. कॅसेटवर ते वेगवेगळे कधीच ऐकू आले नव्हते. आणि आवाज! तो कानाला लागतच नाही, बरगड्यांना लागतो. शर्टाची बटणे थरथरतात. मागे बसून ड्रम वाजवणारा निको मॅकब्रेन तेव्हा चौपन्न वर्षांचा होता. त्या वयाला मी आता मागे टाकले आहे आणि शाळेचा जिना चढताना मला त्याची आठवण होते.

'फिअर ऑफ द डार्क' सुरू झाले. या गाण्यात गिटारची एक धून आहे, तिला शब्द नाहीत, आणि लोक ती गिटारबरोबर गातात. हजारो माणसे एका सुरात नुसता 'ओ' लावतात. मी शेजारी पाहिले. माझा मित्र गात नव्हता. उजव्या हाताची बोटे माझ्या खांद्यावर ठोके मोजत होती, आणि गालांवरून पाणी वाहत होते. त्याच जानेवारीत त्याने घरचे चारही माग भंगारात काढले होते. रडण्याचे कारण ते होते की आणखी काही, मी विचारले नाही. पुरुषांची मैत्री अशीच असते, निदान आमच्या पिढीतली.

बाहेर पडलो तर रिक्षावाला भडकलेला. विश्वचषकात बांगलादेशसमोर भारत १९१ धावांत आटोपला होता. सकाळी मॅजेस्टिकला चहा पिताना कळले की आपण पाच गडी राखून हरलो. सारा देश सुतकात, आणि आमच्या कानांत अजून शिट्या वाजत होत्या.

पुढे ही हकीकत तो त्याच्या घरी कानडीतून सांगे, मी माझ्या घरी मराठीतून. सांगता सांगता त्याच्या तोंडी गर्दी वाढली, माझ्या तोंडी भाकऱ्या. २०२१ च्या मे महिन्यात कोविडने तो गेला. खांदा द्यायलाही कुणाला जाता आले नाही.

यंदा फेब्रुवारीत त्याचा मुलगा घरी आला. पुण्यात नोकरी करतो. २६ जानेवारीला तो अहमदाबादच्या स्टेडियमवर कोल्डप्ले ऐकून आला होता. लाखाहून जास्त माणसे, म्हणाला. प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा, तो गाण्याबरोबर आपोआप रंग बदलतो, आणि जाताना तो परत टाकून जायचे. तिकिटासाठी फोनवरच रांग. मी विचारले, "गाणी कशी झाली?" तो म्हणाला, "छान झाली," आणि गाडीत थेपले वाटणाऱ्या एका गुजराती आजीबद्दल अर्धा तास बोलत बसला. बायको स्वयंपाकघरातून हसली.

मग जरा थांबून त्याने विचारले, "मास्तरकाका, अप्पा नेहमी सांगायचे, बंगळूरला त्या गाण्याला तुम्ही रडला होता म्हणून. खरं काय ते?"

तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. चूक दिसली की हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

"रडलो होतो की," मी म्हटले.

"आणि अप्पा?"

"तो ठोके मोजत होता. माझ्या खांद्यावर."

त्याने खुर्ची पुढे ओढली. अप्पांनी हे कधी सांगितले नव्हते म्हणाला, पहिल्यापासून सांगा. बायकोने चहा पुन्हा टाकला आणि मी राणी चन्नम्मातल्या भाकऱ्यांपासून सुरुवात केली.