दक्षिणेचं ऊन

पितृपक्ष सरत आला की घोरावाडीत घराघरांतलं सामान अंगणात यायचं. डबे, उतरंडी, कणग्या, पाट, खाटा आणि गोधड्यांचा ढीग. नवरात्राआधी घर काढायचं म्हणजे नुसता केरवारा नव्हे, चार महिने पावसात भिजलेलं घर थंडीसाठी उभं करायचं. गोधड्या बैलगाडीत घालून पवना नदीवर न्यायच्या, खडकावर आपटून धुवायच्या आणि दिवसभर तिथंच वाळवायच्या. ओली गोधडी पिळायला दोन्ही टोकांना दोन-दोन बाया लागत. पावसाच्या बाजूला भिंतीला बांधलेली झडपं सोडायची, ओल खाल्लेलं सारवण खरवडायचं, पांढरी माती चाळून कालवायची. दसऱ्यापर्यंत कुणाच्याही हाताला उसंत नसे.

ते घर आजोबांनी स्वतः बांधलेलं. तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्यात ते भट्टीवर कामाला होते. 1908 साली लोकांच्या पैशापैशातून उभा राहिलेला हा कारखाना. काचेच्या भट्टीपुढे जन्म काढणाऱ्याला उष्णता कुठून निसटते हे शिकवावं लागत नाही. पुण्यात 17 जानेवारी 1935 ला पारा 1.7 अंशांपर्यंत उतरला होता. आजही तोच तिथला नीचांक आहे. त्या हिवाळ्यात आमची माणसं कारवीच्या कुडाच्या खोपटात होती, आणि आजी त्या रात्रींबद्दल बोलायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. पुढे घर बांधायला काढलं तेव्हा आजोबांनी भिंती मातीच्या भेंड्यांच्या घेतल्या, दीड फूट जाड. भावकीतली माणसं राबायला आली, माती तुडवायला पोरंसोरंसुद्धा.

घराचं दार पूर्वेला होतं, पण पडवी दक्षिणेला. थंडीत सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, त्यामुळे पडवीची भिंत सकाळपासून दुपारपर्यंत ऊन पीत राही. एवढ्या जाड मातीतून ती ऊब आतल्या बाजूला पोचायला अर्धा दिवस तरी लागतो. म्हणजे दुपारचं ऊन माजघरात मध्यरात्रीनंतर उतरायचं, नेमकं हवं तेव्हा. उत्तरेला गोठा होता. तिकडून येणारा गार वारा आधी गुरांच्या उबेवर अडायचा. गावाजवळच्या डोंगरातल्या घोरावडेश्वराच्या लेण्यांत हीच गोष्ट खडकाने साधलेली आहे. पौषातल्या पहाटे डोंगर चढून आत पाऊल टाकलं की अंगावरची शाल सैल करावीशी वाटते. भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर या तीन डोंगरांवर तुकाराम महाराज चिंतनाला जात असत. थंडीच्या दिवसांत इथला कातळ त्यांनाही सोबत करत असेल, असं मला नेहमी वाटतं.

सारवण झालं की त्या संध्याकाळी आजी घरभर फिरायची. हातात रॉकेलची चिमणी. प्रत्येक दाराच्या चौकटीला, खिडकीच्या कडेला, भिंत आणि वासे भेटतात त्या सांध्याला ती चिमणी धरायची आणि ज्योतीकडे बघत थांबायची. ज्योत सरळ राहिली तर पुढे. जरा वाकली की आईला हाक, "सुनबाई, हितं बोट घाल." आई शेणकाल्यात बुडवलेलं बोट त्या फटीत दाबून फिरवायची, वरून मातीचा हात द्यायची, आणि आजी पुन्हा ज्योत धरून बघायची. "थंडी दारातनं येत न्हाई गं, फटीतनं येती," हे तिचं ठरलेलं वाक्य. आम्ही पोरं मागे-मागे. कुठे ज्योत वाकेल यावर आमच्या पैजा लागत.

मग कार्तिकात भात कापलं जायचं. तेव्हा शेतात आंबेमोहर असे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राची इंद्रायणी ही जात नंतरची, 1987 सालची. आंबेमोहराचा उंच, मऊ पेंढा माजघरात हातभर जाड पसरायचा आणि त्यावर घोंगडी, वर गोधड्या. पेंढ्याच्या पोकळ काड्यांत अडकलेली हवा जमिनीचा गारठा वर येऊ देत नसे. त्याचा वास माझ्या लेखी अजूनही हिवाळ्याचा वास आहे.

इथवरचं सगळं मी आनंदाने आठवते. यानंतरचं आठवताना मात्र गोड मानून घेता येत नाही, आणि स्मरणरंजनाच्या लेखांतून ते बहुधा गाळलं जातं. भिंती कितीही शहाण्या असल्या तरी अंघोळीचं पाणी तापवायला लाकूड लागायचं. तांब्याचा बंब दिसायला देखणा, पण त्याचं पोट भरायला बंबफोड, गोवऱ्या, चिपाडं, भाताचं तूस, मिळेल ते लागे. ते गोळा करायचं आई आणि आजीने. दसऱ्यापासून डोंगराच्या पायथ्याशी मोळ्यांच्या फेऱ्या सुरू होत. थंडीत घर बंद, त्यात चूल, त्यात आजारी माणसाच्या खाटेखाली कोळशाची शेगडी. ऊब टिकवायला बुजवलेल्या त्याच फटी धूरही आत कोंडून ठेवायच्या. आजीचे डोळे त्यात गेले. आईचा खोकला मार्गशीर्षात सुरू होऊन होळीपर्यंत चालायचा आणि घरात तो कुणाला वेगळा ऐकूही येत नसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 या एका वर्षात घरातल्या धुराने जगभर सुमारे 32 लाख माणसं दगावली. बंबाचे फोटो कौतुकाने लावलेले दिसतात तेव्हा मला आधी फुंकणीपुढचा आईचा चेहरा दिसतो.

जुनं घर पुढे वाळवीने आणि ओलीने खचलं. आम्ही भावंडांनी त्याच जागेवर नवं बांधायला घेतलं तेव्हा एकच गोष्ट मनाशी धरली होती: आजोबांचं शहाणपण ठेवायचं आणि आईचं ओझं उतरवायचं. गवंडी ओळखीतला, नकाशा आमचा, आणि रोज पाणी मारायला घरची माणसं. भिंती लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेल्या रॅट-ट्रॅप पद्धतीच्या. विटा आडव्या न निजवता कडेवर उभ्या लावायच्या, म्हणजे भिंतीच्या पोटात हवेची पोकळी राहते. विटाही साधारण चौथ्या हिश्शाने कमी लागतात. स्लॅब फिलर पद्धतीचा. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट फारसा भार घेत नाही, तिथे सळयांच्या चौकोनांत कौलं ठेवून वर माल ओतायचा. ही कौलं आमच्या जुन्या घराचीच. सेंटरिंग सोडलं त्या दिवशी छताला ती तांबडी नक्षी उमटलेली पाहून आई तिथेच खाली बसली आणि किती तरी वेळ वर बघत राहिली.

पडवीच्या जागी आता दक्षिणेची मोठी खिडकी आहे. आमच्या अक्षांशावर डिसेंबरअखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 48 अंश वर असतो, म्हणून ऊन छज्ज्याखालून चार-पाच फूट आत येऊन काळ्या कडप्प्यावर पसरतं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तोच सूर्य दुपारी डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि छज्जा त्याला उंबरा ओलांडू देत नाही. थंडीच्या पहाटे बाहेर 10 अंश असताना आत 19-20 असतात, तेही काही न जाळता. यात जादू नाही. वजनदार घर दिवस-रात्रीची सरासरी धरून बसतं, आणि मावळात हिवाळ्याची दुपार इतकी उबदार असते की ती सरासरी माणसाला सोसते. लडाखमध्ये हेच तत्त्व वापरताना काच आणि भिंत किती तरी जास्त लागते. आपल्याला निसर्गाने सोपा पेपर दिला आहे, आणि तरीही चार इंची भिंती आणि पश्चिमेला काचा लावलेली घरं रोज उभी राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अंघोळीच्या पाण्याचं काम आता सोलर हीटरकडे. 20 लिटरची बादली 25 अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. घरात पाच माणसं धरली तर रोजचे तीन युनिट, आणि ते ऊन फुकट देतं.

आश्विनातली कामं संपलेली नाहीत, आटली आहेत. सोलरच्या नळ्यांवरचं पावसाळी शेवाळ पुसायचं, बोअरच्या पाण्याचे टाकीत साचलेले क्षार काढायचे, गच्चीच्या चिरा भरायच्या, खिडक्यांच्या रबरी पट्ट्या तपासायच्या. वहिनी उदबत्ती घेऊन चौकटींपाशी फिरते. धूर आडवा पळाला की तिथे पट्टी बदलायची. आई खुर्चीवर बसून "जरा खाली धर" म्हणून सांगत असते. दोन माणसांत काम उरकतं. गोधड्या आता शेजारणींबरोबर नाही, मशीनमध्ये धुतल्या जातात. खडकावरचा तो दिवस, ती गाणी, ते एकमेकींचं दुःख मोकळं करणं गेलं, आणि त्याच्या जागी काही आलेलं नाही. मला त्याची हळहळ आहे. पण पंचाऐंशी ओलांडलेली आई आता मार्गशीर्षात खोकत नाही, सकाळी त्या खिडकीतल्या उन्हात तांदूळ निवडते, आणि या गोष्टीपुढे मी बाकी काहीही तोलायला तयार नाही.

सध्या चिंता वेगळीच आहे. सोमाटणे, तळेगाव, देहूरोड या पट्ट्यात इमारती झपाट्याने वर चालल्या आहेत, आणि आमच्या नैर्ऋत्येलाही सात मजल्यांचे खांब उभे राहिले आहेत. उन्हाळ्यात त्यांची सावली जाणवणारही नाही. पण 70 फूट उंचीची सावली डिसेंबरात भर दुपारी 60 फुटांवर जाते आणि उतरत्या उन्हात दुपटीहून लांब. पूर्वी गावात शेजाऱ्याच्या अंगणातलं ऊन अडेल असा गोठासुद्धा कुणी विचारल्याशिवाय उभारत नसे. आज इमारतींमधलं अंतर कागदावर मोजलं जातं, हिवाळ्याच्या उन्हात कुणी मोजत नाही. माझ्या मते बांधकामाच्या नियमांत ते यायला हवं, आणि ग्रामसभेत मी ते मांडणार आहे.

तोवर आम्ही सकाळ वाचवायच्या मागे लागलो आहोत. भावाने गच्चीवर काठी रोवून सावली कुठे पडेल याच्या खुणा खडूने आखल्या आणि सोलर आग्नेयेच्या कोपऱ्यात, तीन फूट उंच चौकटीवर हलवला. तुळशीचं लग्न झालं की गवंडी येणार आहे. आईच्या खोलीची आग्नेयेकडची भिंत कापून तिथे साडेतीन फुटांची खिडकी बसवायची, आणि खालचा कट्टा इतका रुंद ठेवायचा की तिचं सूप आणि ताट दोन्ही त्यावर मावतील.