फॉर्मवरचे माझे अक्षर

खालूंनी कागदांची पिशवी माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "बेटा, तुझं मराठी चांगलं आहे. डॉक्टरविरुद्ध तक्रार लिहून दे. आमचा पोरगा त्यांच्या ताब्यात होता."

खालाच्या धाकट्या मुलाचा चाळिसावा होऊन आठवडा झाला होता. मानसोपचाराच्या एका खासगी दवाखान्यात भरती असताना तिसऱ्या रात्री त्याने स्वतःचा जीव घेतला. शनिवारची शाळा आटोपून मी अमरावतीहून अकोल्याला आले होते. खानदानातले सारे अर्ज माझ्याच हातून लिहिले जातात.

खालूंचा राग खोटा नव्हता. दवाखान्याने दिलेल्या नकलांमध्ये रात्री अकरापासून पहाटेपर्यंत एकही नोंद नव्हती. मी पाने उलटत गेले आणि भरतीच्या फॉर्मवर थांबले. 'यापूर्वी स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला आहे का?' पुढे लिहिले होते, 'नाही'. अक्षर माझे होते.

दोन वर्षांपूर्वी तसा प्रसंग येऊन गेला होता. अल्लाहच्या कृपेने तो वाचला, आणि घरात ठरले की हे बाहेर जाऊ द्यायचे नाही. एकीकडे पोलिसांची भीती, दुसरीकडे त्याच्या बहिणीच्या रिश्त्याची बोलणी. भरतीच्या दिवशी खालाने माझा हात दाबला आणि मी 'नाही' लिहिले.

त्या दिवशी तक्रार लिहिणे मला जमले नाही. अमरावतीला परतल्यावर एका विद्यार्थिनीच्या वकील वडिलांना भेटले. पहिली गोष्ट कळली ती अशी की आमची पोलिसांची भीतीच फुकाची होती. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे धरले जाते. त्याला शिक्षा नाही, उलट त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर आहे. जुने 309 कलमही 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आलेले नाही.

डॉक्टरांबद्दल कायदा दोन वाटा ठेवतो. एक फौजदारी. तिथे साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो. जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा प्रकरणात पोलिसांनी आधी दुसऱ्या तटस्थ डॉक्टरचे मत घ्यावे. दुसरी वाट नुकसानभरपाईची. ती ग्राहक आयोगाकडे जाते, आणि तिथे वाजवी काळजी घेतली गेली की नाही हे पाहतात. आपल्या महाराष्ट्रातलाच जोशी विरुद्ध गोडबोले हा 1968 चा निकाल आहे. पायाचे हाड मोडलेला तरुण मुलगा उपचारात गमावलेल्या बापाने तो खटला लढवला होता. रुग्ण हाती घ्यायचा की नाही, कोणता उपचार द्यायचा आणि तो कसा द्यायचा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरने काळजी घेतली पाहिजे, असे न्यायालय म्हणाले.

मग वकील साहेबांनी विचारले, "मॅडम, डॉक्टरांना काय माहीत होतं?"

मी फॉर्मची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "धोका माहीत असून रुग्णाला एकटं सोडलं तर जबाबदारी मोठी. तुम्ही लपवलंत, म्हणून त्यांची बाजू भक्कम झाली. पण पूर्ण सुटका नाही. फॉर्मवर विसंबून न राहता, घरच्यांना बाहेर बसवून त्याला स्वतःला विचारणं हे त्यांचं काम होतं."

पुढच्या रविवारी मी पुन्हा अकोल्याला गेले आणि खालूंना सारे सांगितले. खाला आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "म्हणजे मी मारलं का त्याला?"

"नाही खाला. आजाराने नेलं. पण लिहिलं मी होतं."

लोकांनी तिला आधीच खूप ऐकवले होते, जनाज्यावरूनसुद्धा. ज्याची अक्कल आजाराने हिरावली, त्याचा हिशेब शरीअत शहाण्यासारखा करत नाही, हे तिला पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

त्या दुपारी मी अर्ज लिहिला. पहिल्याच परिच्छेदात आम्ही काय लपवले ते मांडले. मग प्रश्न: त्याला एकट्याला कोणी विचारले का? रात्री किती वेळा पाहिले? नोंद का नाही? खालूंनी कागद बराच वेळ हातात धरला आणि सही केली. प्रकरण आता ग्राहक आयोगात आहे. निकाल अल्लाहच्या हाती.

बहिणींनो, भावांनो, घरात असा आजारी असेल तर 14416 या टेली मानस क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत बोलता येते. भरती करताना रात्री लक्ष कोण ठेवणार, हे जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. आणि फॉर्मवर जे खरे असेल तेच लिहा. त्या मुलीचा रिश्ता नंतर झाला. मुलाकडच्यांना आम्ही सगळे सांगितले होते. ते म्हणाले, "आमच्याही घरात एक आहे."